हनिमूनची तयारी : आधी नाव आणि तारीख, मग बॅग

लग्न ठरलं की घरात याद्या सुरू होतात. हॉल, केटरर, भटजी, पत्रिका, मानपानाच्या साड्या, रुखवत. या याद्या करणारी माणसं घरात भरपूर असतात. आई, मावशी, आत्या, काका, सगळ्यांना त्यातलं कळतं. हनिमूनच्या प्रवासाची यादी मात्र बहुतेक घरांत कुणाच्याच हातात नसते. आईवडिलांची पिढी महाबळेश्वरला, माथेरानला, फार तर उटीला जाऊन आली. तिला एक बॅग आणि एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट पुरत होतं. आज गिरगाव, दादर, परळ, लालबागमधली जोडपी बाली, फुकेत, मॉरिशस, मालदीव, स्वित्झर्लंडला जातात, आणि त्यांतल्या अनेकांचा तो पहिलाच परदेश प्रवास असतो.

अशा प्रवासात बॅगेत काही राहून गेलं म्हणून फारसं अडत नाही. टूथब्रश, चपला, टोपी तिकडेही विकत मिळते. अडतं ते तिकिटावरच्या नावामुळे, चुकलेल्या तारखेमुळे, मुदत संपत आलेल्या पासपोर्टमुळे. म्हणून तयारीचा क्रम नीट लावून घ्यावा: नाव, तारखा, कागद, पैसे, तब्येत, आणि शेवटी बॅग. ही सगळी कामं लग्नाच्या धावपळीतच उरकायची असतात, म्हणून ती दोघांनी वाटून घ्यावीत आणि लग्नाच्या निदान तीन महिने आधी सुरू करावीत.

सगळ्यात आधी नाव

एक नियम दोघांनी पाठ करून ठेवावा: पासपोर्टवर जे नाव आहे, तेच तिकिटावर, व्हिसावर, विम्यावर आणि हॉटेलच्या बुकिंगवर हवं. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. सासरी ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, आहेराच्या पाकिटांवर नवं आडनाव येतं, आणि हौसेने कुणीतरी विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढतं. पासपोर्टवर मात्र मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. विमानतळावरचा कर्मचारी पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून बघतो. पूर्ण आडनावच वेगळं दिसलं, तर तो विमानात बसू देणार नाही.

लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्नानंतरही चालतो. ज्यांना बदलायचं आहे त्यांनी ते काम प्रवासाहून परतल्यावर करावं. लग्न आणि प्रवास यांच्या मधल्या आठवड्यात नव्या नावाचा पासपोर्ट मिळवण्याच्या खटपटीला लागू नये. एकदा तो अर्ज केला की जुना पासपोर्ट रद्द होतो, आणि त्यावर काढलेलं तिकीट व व्हिसा दोन्ही अडचणीत येतात.

पासपोर्टवर दोन रकाने असतात, एक नावाचा आणि दुसरा आडनावाचा. महाराष्ट्रात वडिलांचं नाव बहुधा पहिल्या रकान्यात, मुलीच्या नावाला जोडून आलेलं असतं. तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवावा आणि दोन्ही रकाने जसेच्या तसे, स्पेलिंगसकट उतरवावेत. आठवणीवर भरवसा ठेवू नये, आणि ट्रॅव्हल एजंटला फोनवर नाव सांगू नये. पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवावा.

तारखांचं गणित

दोन्ही पासपोर्ट काढून त्यांची मुदत बघावी. बरेच देश तिथे पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक मागतात. युरोपातले शेंगेन देश परतीच्या तारखेनंतर तीन महिने मागतात, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. मुदत कमी पडत असेल तर पहिलं काम नूतनीकरणाचं. दक्षिण मुंबईकरांना लोअर परळचं पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचं. प्रादेशिक कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. ३६ पानांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळसाठी वर २००० रुपये. पोलीस पडताळणीला कुणी घरी आलं आणि घराला कुलूप, असं लग्नाच्या खरेदीच्या दिवसांत सहज होतं. त्या आठवड्यात कुणीतरी घरी असेल आणि फोन उचलला जाईल, एवढं बघावं.

आता लग्नाची तारीख आणि विमानाची तारीख. मुंबईहून सुटणारी बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००.५० असेल, तर घरातून १३ तारखेला संध्याकाळीच निघायचं. १४ ला रात्री विमानतळावर पोहोचणाऱ्याचं विमान तोवर वीस-बावीस तासांपूर्वी गेलेलं असतं. कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला खूण न करता, घर सोडण्याच्या दिवसाला आणि वेळेला खूण करावी.

लग्न आणि विमान यांच्यामध्ये मोकळे दिवस हवेत. सत्यनारायणाची पूजा, कुलदैवताचं दर्शन, कुणाकडे गोंधळ, कुणाला गावी कोकणात जाऊन यायचं, हे सगळं आधी विचारून घ्यावं. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना तारखा सुरुवातीलाच सांगितल्या तर पूजा त्याप्रमाणे लावता येते. तिकीट काढून झाल्यावर सांगितलं तर उगाच मनं दुखावतात.

हंगामही याच वेळी बघावा. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात फुकेत आणि क्राबीकडे हवा कोरडी असते. मालदीवला डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात लग्न असेल तर बाली चांगलं, कारण तिथला कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस असतात, मे नंतर हवा सुखद होते. मे-जूनमध्ये युरोपात दिवस मोठा आणि थंडी सोसवेल अशी.

कुणाबरोबर जायचं

मराठी माणसाला परदेश दाखवण्यात मुंबईतल्या टूर कंपन्यांचा मोठा वाटा आहे. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड उभी केली. हनिमूनला जाणाऱ्या जोडप्यांच्या वेगळ्या सहली हा या व्यवसायाचा नेहमीचा भाग आहे. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांना त्यात आधार असतो: व्हिसाचे कागद कुणीतरी तपासून घेतं, जेवणाची सोय असते, बरोबर टूर मॅनेजर असतो. एकाच जागी पाच-सहा दिवस शांत राहायचं असेल, तर दोघांचंच बुकिंग बरं.

काहीही निवडलं तरी पैसे भरण्याआधी लेखी विचारावं: व्हिसाची फी धरली आहे का, विमा धरला आहे का, विमानतळ ते हॉटेल गाडी आहे का, रद्द केलं तर किती पैसे परत, स्थानिक कर कुणी भरायचा. बालीत १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया पर्यटन कर आहे. मालदीवला दर माणशी, दर दिवशी ग्रीन टॅक्स असतो. मालदीवचं आणखी एक लक्षात ठेवावं. लांबच्या बेटांवर नेणारी सी-प्लेन फक्त उजेडात उडतात. तुमचं विमान संध्याकाळी मालेला उतरणार असेल, तर पहिली रात्र तिथेच काढावी लागते आणि रिसॉर्टच्या एका रात्रीचे पैसे वाया जातात. रिसॉर्ट आवडलं की आधी तिथे पोहोचण्याचा मार्ग विचारावा, मग विमानाचं तिकीट काढावं.

व्हिसा आणि मेंदी

मॉरिशस आणि मालदीवसाठी भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. बालीला पोहोचल्यावर किंवा आधी ऑनलाइन व्हिसा मिळतो. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहायची सोय दिली. असे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघावं. व्हिसा नको म्हणजे फॉर्मही नको, असं मात्र नाही. थायलंडसाठी १ मे २०२५ पासून पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, मालदीवचा फॉर्म पोहोचण्याच्या आधीच्या ९६ तासांत. हे दिवस नेमके लग्नाच्या आसपास येतात. फोनमध्ये गजर लावून ठेवावा.

स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराचं विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, हॉटेल आणि विमानाची बुकिंग असे कागद दोघांचे वेगवेगळे जोडावे लागतात. अर्ज लग्नाआधी होत असेल तर त्या दिवशी जी स्थिती आहे तीच, म्हणजे अविवाहित, अशी लिहावी; सोबत लग्नपत्रिकेची प्रत जोडतात.

आणि मेंदी. शेंगेन व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे घेतात. गडद मेंदीने बोटांची टोकं रंगली असतील तर यंत्राला रेषा नीट वाचता येत नाहीत, आणि पुन्हा यावं लागतं. रंग उतरायला दोन-तीन आठवडे जातात. साखरपुड्याला, मैत्रिणीच्या लग्नाला किंवा सणाला मेंदी काढायचा मोह झाला, तर ठशांची तारीख आधी बघावी. लग्नाच्या मेंदीतही तळहात भरून काढावा, बोटांची टोकं मोकळी ठेवावीत. बऱ्याच देशांत विमानतळावर उतरल्यावर पुन्हा ठसे घेतात.

पैसे

टूर पॅकेजच्या बिलात टीसीएस नावाची एक रक्कम दिसते. हा आगाऊ कापलेला प्राप्तिकर असतो. ज्याच्या पॅनवर तो भरला जातो त्याला विवरणपत्र भरताना वळता मिळतो. त्यामुळे बिल कुणाच्या नावावर करायचं ते विचार करून ठरवावं आणि पावती जपावी. याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत. बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा.

खर्चासाठी पैसे तीन ठिकाणी विभागावेत: थोडी रोख, एक फॉरेक्स कार्ड, आणि अडीअडचणीला बँकेचं क्रेडिट कार्ड. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंतचं चलन रोख नेता येतं. भारतीय रुपये जाताना-येताना माणशी २५,००० पर्यंतच. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो. तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावा लागतो, आणि हे काम घरीच करावं, कारण तिकडे गेल्यावर ओटीपी येईलच असं नाही. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम फोनमध्येच ठेवावं, त्यावर रोमिंगचा छोटा पॅक घ्यावा, आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम वापरावं. दुकानात कार्ड घासताना यंत्र कधी विचारतं, रुपयांत पैसे घेऊ की स्थानिक चलनात. स्थानिक चलनच निवडावं. रुपयांतला दर नेहमी महाग पडतो.

लग्नात आलेल्या आहेराच्या पाकिटांवर या प्रवासाचा हिशेब बांधू नये. ती रक्कम लग्नानंतर कळते, आणि प्रवासाचे पैसे त्याआधीच भरावे लागतात.

तब्येत

मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडून, आणि पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून र. धों. कर्वे यांनी ज्या विषयावर उघडपणे बोलण्याचा आग्रह धरला, तो विषय शंभर वर्षांनंतरही अनेक घरांत लग्नाआधी निघत नाही. दोघांनी तो काढावा. मूल कधी हवं हे ठरवून, लग्नाच्या दोन महिने आधी दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या ठरल्या तर त्या कधी सुरू करायच्या हे त्याच भेटीत कळतं. आदल्या दिवशी घेऊन उपयोग नसतो. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेऊ नयेत. रक्ताच्या गुठळ्या, अर्धशिशी, यकृताचा आजार असं घरात किंवा स्वतःला काही असेल तर डॉक्टरांना सांगावं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मुलींना लघवीला जळजळ होण्याचा त्रास बऱ्याचदा होतो. भरपूर पाणी पिणं, संबंधानंतर लघवीला जाऊन येणं याने तो टळायला मदत होते. त्रास झालाच तर काय घ्यायचं हेही आधी विचारून ठेवावं.

केनियाच्या सफारीला जायचं असेल तर पीतज्वराची लस घ्यावी लागते. मुंबईत ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. परळचं केईएम आणि भायखळ्याचं जे. जे. ही त्यांतली जवळची. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवलं जाऊ शकतं.

औषधांच्या डब्यात ताप, उलटी, जुलाब, ॲलर्जी, बोट लागणं यांवरच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, बँडेज आणि रोजची औषधं ठेवावीत. गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आखाती देशांत परवान्याशिवाय नेली तर गुन्हा ठरतो. दुबईमार्गे जाणाऱ्यांनीही हे पाळावं.

बॅग भरताना

लग्नाच्या आठवड्यात चाळीतल्या किंवा वन-रूम-किचनच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पाहुणे, रुखवत, फराळाचे डबे, आहेराच्या पिशव्या. अशा घरात लग्नानंतर बॅग भरायला घेतली तर काहीतरी हरवणारच. दोघांनी आपापल्या घरी हळदीच्या निदान चार दिवस आधी बॅग भरून, कुलूप लावून, जमल्यास शेजाऱ्यांकडे किंवा मित्राच्या घरी ठेवून द्यावी. पासपोर्ट, चलन आणि कागदांचं पाकीट बॅगेत नको. ते लग्नाच्या गडबडीत नसलेल्या एका विश्वासू माणसाच्या ताब्यात द्यावं.

तिकिटावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. चेक-इन बॅगेला विमान कंपनीप्रमाणे साधारण २० ते ३० किलो, हातातल्या बॅगेला ७ किलो. मालदीवच्या सी-प्लेनमध्ये सहसा २० किलोच आणि वर हातातलं ५. कडक मोठी बॅग रिकामीच चार किलोच्या आसपास भरते, हे दादर स्टेशनबाहेर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बॅग घेताना लक्षात ठेवावं. हातात धरून वजन करायचा छोटा काटा मिळतो. तो घ्यावा आणि जातानाचं वजन मर्यादेपेक्षा चार-पाच किलो कमी ठेवावं, कारण येताना खरेदी असते.

दोघांचे कपडे दोन बॅगांत अर्धे-अर्धे विभागावेत. एक बॅग मागे राहिली तरी दुसरीत दोघांचे दोन दिवसांचे कपडे निघतात. हातातल्या बॅगेत एक जोड कपडे, औषधं, चष्मा, चार्जर.

मुंबईकराचा अंदाज थंडीच्या बाबतीत चुकतो. स्वित्झर्लंडमध्ये मे महिन्यात खाली हिरवळ असते, पण युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे आणि तिथे बर्फ असतो. एकच जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा आतून थर्मल, त्यावर लोकरीचं, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट असे थर घालावेत. बूट नवे असतील तर लग्नाआधी दोन आठवडे ते घालून शिवाजी पार्कला फेऱ्या माराव्यात. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी फोड येतात. समुद्राकडे जाताना सुती, पटकन वाळणारे कपडे. बाली आणि थायलंडच्या देवळांत खांदे आणि गुडघे झाकावे लागतात, तिथे एक मोठी ओढणी फार कामाला येते. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला अपाय करणारी सनस्क्रीन २०२१ पासून चालत नाहीत. ट्यूबवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही नावं असतील तर ती नेऊ नये.

दागिन्यांबाबत घरच्यांशी आधीच बोलावं. मोठं मंगळसूत्र, पाटल्या, हार लॉकरमध्ये ठेवून छोटं मंगळसूत्र आणि कानातलं एवढंच घालावं. महागडा दागिना न्यायचाच असेल तर जाताना कस्टम्सकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे परतताना तो परदेशात घेतला का, हा प्रश्न येत नाही. काचेचा हिरवा चुडा सुरक्षा तपासणीत अडत नाही, पण समुद्रात, पाण्याच्या खेळांत फुटून हाताला लागतो. तो कधी उतरवायचा हे सासूबाईंना विचारून निघण्याआधीच ठरवून टाकावं.

निघताना वहिनी ओटी भरतात. ओटीतला नारळ घरच्या देवाजवळ ठेवून निघावं. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या सामानात नेता येत नाही. खाण्याच्या बाकीच्या गोष्टींतही देश बघून निवड करावी. लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा, चकली, भाकरवडी, मेतकूट असं कोरडं नीट सीलबंद करून चेक-इनमध्ये न्यावं. लोणचं आणि तिखट मसाला हातातल्या बॅगेत चालत नाही. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे आणि सिंगापूरमध्येही चालत नाही. घरचे अनारसे, करंज्या आणि काही मालवणी मसाल्यांत ती असते. तिकडे जाताना ते पदार्थ घरीच ठेवावेत. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप नको. मालदीवला दारू आणि पूजेची मूर्ती नेता येत नाही. देवाचा फोटो फोनमध्ये असू द्यावा. थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे ई-सिगारेटला बंदी आहे.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये नाही, आणि १०० वॉट-अवरपेक्षा मोठी नसावी. म्हणजे सुमारे २७,००० एमएएचपर्यंत. बऱ्याच विमान कंपन्या ती विमानात वापरूही देत नाहीत, म्हणून घरूनच फोन पूर्ण चार्ज करून निघावं. तेल, क्रीम, परफ्यूम यांच्या बाटल्या हातातल्या बॅगेत १०० मिलीपर्यंत, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मालदीव, मॉरिशस, सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर लागतो. फोनचा बारीक दोन पिनांचा चार्जर युरोपात बहुतेक ठिकाणी तसाच बसतो.

विमानतळाकडे

तिकिटावर आधी विमानतळ बघावा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. सहारच्या विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबईहून विमान असेल तर परळ-लालबागहून शिवडीला येऊन अटल सेतू पकडावा.

सहारला जायचं असेल तर गिरगाव आणि दादरकरांना आता मेट्रो-३ सोयीची आहे. आरे ते कफ परेड हा पूर्ण मार्ग ९ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. गिरगाव, सिद्धिविनायक, दादर ही स्थानकं आणि टी-२ टर्मिनल एकाच मार्गावर आहेत. दादरहून टी-२ ला साधारण अर्ध्या तासात पोहोचता येतं आणि वाटेत सिग्नल लागत नाही. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे पहाटे दोन-तीनच्या विमानासाठीही ती चालते. लालबाग-परळहून टॅक्सी करणाऱ्यांनी हाती जास्त वेळ ठेवावा. प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी गर्दी टिळक पूल आणि करी रोडकडे वळली आहे. पोचवायला येणाऱ्या मंडळींची संख्याही आधी ठरवावी. टर्मिनलच्या आत प्रवाशांनाच सोडतात, आणि विमानाच्या तीन तास आधी आत असायला हवं.

पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस मोकळा ठेवावा. लग्नात दोघांची चार-पाच दिवस झोप झालेली नसते. त्या दिवशी बोटीची सफर किंवा डोंगर ठरवला तर तो दिवस थकव्यातच जातो.

परत आल्यावर

घरी आल्यावर चार कामं राहतात, आणि तीही दोघांनी वाटून घ्यावीत. उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत परत करावं. २००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं. टीसीएसची पावती प्राप्तिकराच्या फाइलला लावावी. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती करावी: महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत, नमुना ड भरून, तीन साक्षीदारांसह, महापालिकेच्या विभाग कार्यालयात. गिरगावसाठी नाना चौकातलं डी विभागाचं, दादरसाठी प्लाझाच्या मागचं जी-उत्तरचं, लालबाग-परळसाठी परळचं एफ-दक्षिणचं कार्यालय. ज्यांना पासपोर्टवर नाव बदलायचं आहे त्यांनी हे प्रमाणपत्र हातात आल्यावर अर्ज करावा, आणि एकदा बदलायचं ठरलं की आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे एकच नाव, एकाच स्पेलिंगने करून घ्यावं. पुढचं तिकीट काढताना दोघांना पुन्हा काहीच शोधावं लागणार नाही.